न झालेल्या लढतीचा निकाल

मधल्या सुटींत पाण्याच्या नळापाशीं मुलांचा घोळका हातवारे करून वाद घालीत असला, तर पुष्कळदां त्या वादाचा विषय अद्याप घडलेलाच नसतो. २०२५ सालच्या पावसाळ्यांत असाच एक वाद आमच्या कानीं आला. मोझेस इटाउमा हा वीस वर्षांचा डावखुरा ब्रिटिश मुष्टियोद्धा. त्यानें १६ ऑगस्ट रोजीं रियाध येथें डिलियन व्हाइट या मुरलेल्या गड्यास पहिल्याच फेरींत लोळविलें. तेरा लढती, तेरा विजय. दुसरीकडे युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक, अडतीस वर्षांचा, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील सुवर्णपदकाचा मानकरी. त्यानें आदल्याच महिन्यांत, १९ जुलै रोजीं, लंडनमधील वेम्ब्लीच्या मैदानावर डॅनियल दुब्वा यास पांचव्या फेरींत पाडून हेवीवेट गटाचें निर्विवाद जगज्जेतेपद मिळविलें होतें. व्यावसायिक लढतींत तो तोंवर एकदांही हरला नव्हता. हे दोघे समोरासमोर उभे ठाकले तर जय कोणाचा? एक पक्ष म्हणे, तरण्या रक्तापुढें उतरतें वय टिकत नाहीं. दुसरा म्हणे, ज्यानें अजून कांहीं पाहिलेंच नाहीं, त्याचें नांव जगज्जेत्याच्या शेजारीं घेऊं नये. घंटा झाली तरी निकाल लागेना, तेव्हां दोन्ही पक्ष आमच्याकडे आले. आम्हीं निकाल दिला नाहीं. कां दिला नाहीं, तें येथें सांगावयाचें आहे.

असे वाद म्हणजे वेळेचा अपव्यय, असें कित्येक पालकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो विद्यार्थी इतिहासाच्या तासाला चार सन सांगतांना अडखळतो, तोच येथें सन, स्थळ, फेरी आणि निकाल बिनचूक सांगतो, व प्रतिपक्षाच्या पुराव्यांतील छिद्रही शोधून काढतो. ही बुद्धीची तालीमच आहे. आमची तक्रार वादाविषयीं नसून त्याच्या रीतीविषयीं आहे. दोन्ही पक्षांस 'जिंकेल' आणि 'हरेल' एवढींच दोन उत्तरें ठाऊक असतात. 'अजून सिद्ध झालें नाहीं' हें तिसरें उत्तर कोणासच नको असतें.

दाखल्यांची उणीव कोणत्याच पक्षास नाहीं. १९६४ सालीं बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, जो पुढें मुहम्मद अली या नांवानें जगास ठाऊक झाला, सनी लिस्टन या दरारा बसविणाऱ्या जगज्जेत्यासमोर उभा राहिला. पैजेचा भाव सातास एक असा लिस्टनच्या बाजूनें होता. सातव्या फेरीसाठीं लिस्टन आपल्या स्टुलावरून उठलाच नाहीं. चौदा वर्षांनीं तोच अली छत्तीस वर्षांचा जगज्जेता असतांना लिऑन स्पिंक्स यानें, आपल्या अवघ्या आठव्या व्यावसायिक लढतींत, त्यास पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरविलें. नवोदितांच्या कैवाऱ्यांस आणखी काय हवें?

परंतु दुसऱ्या बाजूचे दाखलेही तितकेच खणखणीत आहेत. स्पिंक्सचें जगज्जेतेपद सात महिन्यांतच अलीनें परत घेतलें. पीट रॅडमाकर यानें १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें, आणि १९५७ सालीं आपली पहिलीच व्यावसायिक लढत थेट जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन याच्याशीं केली. दुसऱ्या फेरींत त्यानें पॅटरसनला खालीं पाडलें. परंतु पुढें तोच वारंवार पडला, आणि सहाव्या फेरींत लढत संपली. १९७७ सालीं, अडतीस लढतींत एकदांही न हरलेला ड्युएन बॉबिक हा केन नॉर्टनपुढें अवघे अठ्ठावन सेकंद टिकला.

तेव्हां दाखल्यास दाखला भिडवून हा वाद मिटणार नाहीं. पाहावयाचें तें हें, कीं नवोदिताची कीर्ति तयार कशी होते. उदयोन्मुख मुष्टियोद्ध्याचे प्रतिस्पर्धी त्याचे व्यवस्थापक निवडतात. प्रथम चार फेऱ्यांच्या लढती, मग सहा, आठ, दहा; प्रथम सामान्य गडी, मग उतरणीस लागलेले नामांकित. यांत लबाडी नाहीं. मुलास पहिल्याच वर्षीं शालान्त परीक्षेस कोणी बसवीत नाहीं. परंतु त्यामुळें त्याचे विजय एवढेंच सांगतात कीं, जे प्रश्न विचारले गेले त्यांचीं उत्तरें त्यानें दिलीं. इटाउमा त्या ऑगस्टपर्यंत सहा फेऱ्यांपलीकडे एकदांही गेला नव्हता. उसिकनें अँथनी जोशुआ व टायसन फ्युरी यांच्याशीं प्रत्येकीं दोनदां पूर्ण बारा फेऱ्या काढल्या होत्या. सातव्या फेरींत इटाउमाचे हात जड होतील असें यावरून ठरत नाहीं, आणि होणार नाहींत असेंही ठरत नाहीं. तो प्रश्न त्यास विचारलाच गेला नव्हता. जगज्जेत्यासही हाच न्याय लागू आहे. त्याचा पुरावा भरभक्कम खरा, पण तो कालचा. वय त्याच्यापुढें दरसाल नवा प्रश्न मांडीत असतें.

कोणी म्हणेल, हें काम यंत्राकडे सोंपवावें. तेंही होऊन गेलें आहे. रॉकी मार्सियानो व मुहम्मद अली हे वेगवेगळ्या काळांतील वीर. १९६९ सालीं त्या दोघांस कॅमेऱ्यापुढें खेळवून, संगणकाच्या निकालाप्रमाणें म्हणून एक चित्रपट तयार करण्यांत आला, आणि जानेवारी १९७० मध्यें तो दाखविण्यांत आला. अमेरिकेंतील प्रेक्षकांनीं तेराव्या फेरींत अली पडलेला पाहिला. वाद मात्र होता तेथेंच राहिला. कारण यंत्रास जें सांगितलें होतें त्यापलीकडचें तें काय सांगणार?

विचारलेला प्रश्न आणि न विचारलेला प्रश्न यांतील अंतर १९३६ सालीं जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनें जगास दाखविलें. जो लुई तेव्हां बावीस वर्षांचा, व्यावसायिक लढतींत न हरलेला. श्मेलिंग तीस वर्षांचा माजी जगज्जेता, बहुतेकांच्या मतें संपलेला. पण त्यानें लुईचा खेळ बारकाईनें पाहिला, आणि डावा ठोसा मारून झाल्यावर लुईचा डावा हात खालीं येतो हें हेरलें. त्या खिंडारांतून श्मेलिंगचा उजवा हात शिरत राहिला, आणि बाराव्या फेरींत लुई पडला. येथें गोष्ट संपत नाहीं. १९३७ सालीं लुई जगज्जेता झाला, आणि २२ जून १९३८ रोजीं त्यानें श्मेलिंगला पहिल्याच फेरींत गारद केलें. लढतीपूर्वीं लुईस अजिंक्य म्हणणारे जसे चुकले, तसेच त्या रात्रीं तो संपला म्हणणारेही चुकले.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांतील दाविदाची कथा आमच्या मुलांस पाठ आहे. पण तींतील एक बारकावा निसटतो. शौल राजाच्या दृष्टीनें दावीद पोरसवदा, आणि गल्याथ लहानपणापासूनचा लढवय्या. दाविदानें नुसती बढाई मारली नाहीं. सिंह व अस्वल यांच्या तावडींतून मेंढरें सोडविल्याचा पुरावा दिला, आणि ज्या देवानें तेथें राखलें त्याच्यावर भरंवसा ठेवला. राजानें अंगावर चढविलेलें चिलखत मात्र त्यानें उतरून ठेवलें, कारण तें त्यानें कधीं वापरून पाहिलें नव्हतें. काय सिद्ध आहे व काय नाहीं, हें त्या मेंढपाळास राजापेक्षां अधिक कळत होतें.

हें सर्व लिहिण्याचें खरें कारण मुष्टियुद्ध नव्हे. मुलें नळापाशीं जें करतात, तेंच आम्ही शिक्षक आपल्या खोलींत, आणि पालक घरीं, मुलांविषयीं करतों. 'हा पुढें येणार', 'हिला हें झेपणार नाहीं', असे न झालेल्या लढतींचे निकाल आम्ही सहज देतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका स्पर्धापरीक्षेस कोणास बसवावें हें ठरत असतां एका अबोल मुलाचें नांव निघालें. 'तो टिकणार नाहीं,' असें आम्हीच म्हणालों, आणि नांव गळलें. त्याच्या वह्या आम्हीं पुन्हां उघडूनही पाहिल्या नाहींत. आमचें मत बरोबर होतें कीं चूक, हें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. तें कळण्याचा एकच मार्ग होता, आणि तो आम्हींच बंद केला. याच्या उलट, चार बक्षिसें मिळतांच मुलास रॅडमाकरप्रमाणें थेट जगज्जेत्यापुढें ढकलणारे पालकही आम्हीं पाहिले आहेत. दोहोंची किंमत मत देणारा देत नाहीं. ती मूल देतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, वाद खुशाल घाला. मात्र 'कोण जिंकेल?' असें विचारण्याआधीं 'याला अजून काय विचारलें गेलेलें नाहीं?' असें विचारा, आणि त्याची यादी कागदावर मांडा. पालकांसही आमची हीच विनंति. मूल सहाव्या फेरीपर्यंत आलें असेल, तर सातव्या फेरीचा निकाल आज सांगूं नये. त्यास तिची तयारी करूं द्यावी, आणि वेळ आली कीं रिंगणांत उतरूं द्यावें.