हुकूमनाम्याचा संसार

पाश्चात्त्य विचारांनी आपली कुटुंबसंस्था पोखरली जात आहे, ही तक्रार यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. तक्रार करणारांस आम्ही एकच प्रश्न विचारू इच्छितो. नांदावयास न येणाऱ्या पत्नीस न्यायालयाच्या हुकूमनाम्याने परत बोलावण्याची तरतूद मूळची कोणाची?

ती इंग्लंडच्या धर्मपीठांची. तेथे विवाह हा अभंग संस्कार मानला जाई. सबब दुरावलेल्या जोडीदारास परत आणणे हे धर्मकृत्य ठरे. पुढे तेथील विचार पालटला. विवाहाचा मुख्य हेतू मनांचे साहचर्य होय, असे मिल्टनने १६४३ साली प्रतिपादिले. जॉन स्टुअर्ट मिलने १८५१ मध्ये स्वतःच्या विवाहप्रसंगी, कायद्याने पतीस मिळणारे अधिकार आपण मानीत नाही, असे लिहून ठेविले. १८६९ च्या ग्रंथात त्याने समानांच्या मैत्रीवर उभ्या असलेल्या विवाहाचा पुरस्कार केला. अखेर १९७० च्या कायद्याने इंग्लंडने ही तरतूदच मोडीत काढली.

आपल्याकडे काय घडले? बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८४ साली त्यांच्यावर दावा लावण्यात आला. हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्रजी कायद्यातला आहे, असे सांगून न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये, पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात राहा, असा हुकूम झाला. लोकमान्य टिळकांसारख्यांनीही पतीचाच पक्ष उचलून धरला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेस त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. १९५५ साली त्यांचे निधन झाले. दैवदुर्विलास असा की, त्याच वर्षी आलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तीच तरतूद कायम राहिली!

आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. हे कलम पतीप्रमाणे पत्नीसही खुले आहे, त्यामुळे समेटास अवसर मिळतो, हा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. टाकून दिलेल्या स्त्रीस तो एक आधार वाटू शकतो. परंतु तिची खरी गरज पोटगीची व निवाऱ्याची असते, आणि त्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. समेटासाठी कुटुंब न्यायालयांत समुपदेशकांची सोय आहे. हुकूमनामा मोडल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. जप्तीच्या धाकाने माणूस घरात येईल, मन येईल काय?

सारांश, आपण जिला परंपरा म्हणून कवटाळतो, ती परक्यांनी टाकून दिलेली वस्तू आहे. पाश्चात्त्यांचे सारेच घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याकडील एकाकी वार्धक्य आपणांस नको आहे. परंतु संमतीवाचून सहजीवन नाही, हे तत्त्व पूर्वेचे वा पश्चिमेचे नसून माणुसकीचे आहे. नववे कलम संसदेने रद्द करावे. संसार टिकावयाचा तो जिव्हाळ्याने. बेलिफाच्या हातून तो कधीच टिकलेला नाही.