चादर नको, कचेरीत सोबत या

कोरेगावकरांनो,

गावाच्या कडेला पालं ठोकून, पत्र्याची खोपटी उभारून राहणारी कुटुंबे आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. कुणी ऊसतोडीला आले आणि हंगाम संपल्यावर परतलेच नाहीत, कुणी बांधकामावर आहे, कुणी आल्याच्या काढणीला रोजाने जाते. दिवाळीत आपण त्यांना फराळ देतो, थंडीत चादरी वाटतो. त्यात वाईट काही नाही. पण चादर दोन हिवाळ्यांत विरते आणि त्या घरातली मुलगी शाळेबाहेर राहते ती राहतेच.

यंदा पैसे किंवा कपडे मागायचे नाहीत. एका कुटुंबासोबत दोन-चार वेळा कचेरीत चला, एवढेच मागणे आहे.

कारण बरेच काही कायद्याने मंजूर आहे, अडते ते खिडकीपाशी. जन्मदाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो. नऊ वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल, तरी त्याला त्याच्या वयाच्याच वर्गात बसवायचे असते. अंत्योदय किंवा प्राधान्य गटाचे रेशनकार्ड बीडचे असले तरी अंगठा जुळला की इथल्या दुकानात धान्य मिळते. बाप वारला असेल, आई एकटी राबत असेल, तर बालसंगोपन योजनेतून पात्र मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक जमवून अर्ज साताऱ्याला महिला व बालविकास कार्यालयात पोचवावा लागतो. एका खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो. दुसऱ्यांदा "उद्या या" ऐकले की बाई अर्ज सोडून कामावर जाते. तिच्या जागी आपणही तेच केले असते.

सोबत शिकलेला माणूस उभा असला की खिडकीवरचा सूर बदलतो. हे लाजिरवाणे आहे, पण खरे आहे.

कर्मवीर भाऊरावांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवले. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या तालुक्यात मुले टपरीवर कपबश्या विसळताना दिसू नयेत. हॉटेल-गॅरेजवाल्यांना म्हणूनच वेगळे सांगणे: चौदाच्या आतले मूल कामावर ठेवू नका. कुणी ठेवलेले दिसले तर 1098 वर कळवा.

निवृत्त गुरुजी, बँकेतली मंडळी, कॉलेजची मुले, ज्यांना अर्ज भरता येतो त्या सर्वांनी आधी आपल्या भागातल्या अंगणवाडीताईंना भेटावे. कुठल्या घरात कोणाचे काय अडले आहे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. वस्तीवर जाल तेव्हा फोटो मात्र काढू नका.

आपले,
कोरेगावातील काही रहिवासी