परक्या ताटातील ओळखीचे शब्द



आर्णीच्या आमच्या घरी सायंकाळचे भोजन दुकानातील दिवे लागण्यापूर्वी आटोपते. गेल्या जूनमध्ये मी टोरांटो येथे मुलाकडे गेले असता, तेथे स्थायिक झालेल्या माझ्या दोन महाविद्यालयीन मैत्रिणींनी मला कॅरिबियन भोजनास नेण्याचा बेत केला. उपाहारगृह त्रिनिदादहून आलेल्या एका कुटुंबाचे होते.

पूर्वी अशा प्रसंगी मी काही न बोलता जात असे व पाण्याचा पेला समोर ठेवून बसत असे. माझा नियम पाळला जाई. परंतु माझ्यासमोर घास घेताना मैत्रिणी संकोचत. त्या संकोचास माझे मौनच कारण होते, हे मला उशिरा उमगले. या वेळी मी आदल्या दिवशीच मालकीणबाईंना दूरध्वनी केला. कांदा, लसूण व कंदमुळे यांवाचून काही मिळेल काय, असे विचारले. "आमच्याकडेही पूजेपूर्वी मांसाहार वर्ज्य असतो. या, वेगळ्या भांड्यात करून ठेवते," असे त्या सहजपणे म्हणाल्या.

३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४३ हजार लोक करारावर तेथे गेले. त्यांतील बहुतेक परतले नाहीत.

त्यांच्या वंशजांच्या ताटात मला काय आढळले? आपल्या अळूवडीची आठवण देणारी 'सहिना', तव्यावरची 'सादा रोटी' आणि लाल भोपळ्याची 'तलकारी'. फोडणी देण्यास ते 'चंके' म्हणतात. आपल्या हिंदी शेजाऱ्यांचा 'छौंक' तो हाच! मैत्रिणींनी 'डबल्स' मागविले. दोन मऊ बऱ्यांमध्ये हरभऱ्याची रसदार उसळ, असा तो पदार्थ. बऱ्याचे पीठ यीस्ट घालून फुगवलेले आणि उसळीत लसूण, म्हणून तो मी घेतला नाही. याम व कसावा हे तर कंदच. परंतु माझी रोटी व तलकारी वेगळ्या भांड्यातून, वाफाळत आली. जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होत असल्याने दिवसाउजेडी निवांत जेवणही झाले. त्या दिवशी मैत्रिणी प्रथमच माझ्यासमोर मोकळेपणी जेवल्या.

सातासमुद्रापलीकडे गेलेल्या त्या मजुरांची भाषा पुढील पिढ्यांच्या ओठांवरून बव्हंशी ओसरली. तवा, दाल, भाजी हे शब्द मात्र राहिले, कारण घरोघरी चूल त्याच रीतीने पेटत राहिली. आपली मुले-मुली आज शिक्षणासाठी व व्यापारासाठी दूर जातात. स्नेह्यांसमवेत बाहेर भोजनाचे प्रसंग त्यांना टाळता येणार नाहीत आणि टाळूही नयेत. त्यांना एवढेच सांगावे, की आपला नियम आदल्या दिवशी नम्रपणे कळवावा, समोरच्याच्या ताटाविषयी बोलू नये, आणि आपल्यासाठी वेगळे भांडे ठेवणाऱ्या हातांचे आभार मानण्यास विसरू नये.