रिफ्रॅक्टोमीटर गोडी मोजतो, सुरक्षितता नाही

घरच्या घरी बिअर बनवण्याचा छंद ब्रिटन-अमेरिकेत जुना आहे. ब्रिटनने 1963 मध्ये त्यावरची परवान्याची अट काढली, तर अमेरिकेत 1978 च्या केंद्रीय कायद्याने त्याला वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय दारू बनवणे गुन्हा आहे. पण या छंदातले एक उपकरण, रिफ्रॅक्टोमीटर, आता ऑनलाइन कुणालाही मिळते. आपल्या द्राक्ष बागायतदारांना ते ओळखीचेच आहे. त्यावरून दारूचा ‘कडकपणा’ किंवा शुद्धता कळते असा समज मात्र धोक्याचा आहे.

या उपकरणाचे काम साधे आहे. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. पाण्यात साखर जितकी जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो. 100 ग्रॅम द्रावणात 12 ग्रॅम साखर असेल तर 12 ब्रिक्स दिसते. बिअर बनवणारे त्यावरून विशिष्ट गुरुत्व काढतात. 12 ब्रिक्स म्हणजे साधारण 1.048. आंबवण्याआधी हा हिशेब चोख असतो.

यीस्टने साखरेचे मद्यार्क केले की गणित बिघडते. मद्यार्क पाण्यापेक्षा हलके असते, पण प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वाकवते. त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटरला ते साखरेसारखेच ‘दिसते’. सुरुवातीला 12 ब्रिक्स असलेली बिअर तयार झाली की उपकरण सुमारे 6 दाखवते. हा आकडा तसाच धरला तर मद्यार्क 3 टक्के निघते, प्रत्यक्षात ते 5 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे 650 मिलिलिटरच्या बाटलीतून 16 ग्रॅमऐवजी सुमारे 26 ग्रॅम मद्यार्क पोटात जाते. ‘हलकीच आहे’ म्हणून गाडी चालवणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. आपल्याकडे रक्तातली कायदेशीर मर्यादा 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम आहे. दुसरीकडे, आंबण्याची क्रिया अडकली असे समजून कुणी वरून साखर घालतो आणि बाटल्या बंद करतो. आत वायू साठून बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाऊ शकते. म्हणून जाणकार छंदी सुरुवातीचा आकडा लक्षात घेऊन दुरुस्तीचे सूत्र वापरतात किंवा शेवटी हायड्रोमीटरने घनता मोजतात.

हीच मर्यादा रुग्णालयातही दिसते. लघवीचे विशिष्ट गुरुत्व आम्ही अशाच उपकरणाने पाहतो. सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध दिले असेल तर ते लघवीत उतरते आणि आकडा खोटा वाढतो. रुग्णाच्या शरीरात पाणी कमी आहे असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. आकड्यामागे काय विरघळले आहे, हे उपकरण सांगत नाही.

सगळ्यात गंभीर प्रश्न मिथेनॉलचा. मालवणीत 2015 मध्ये शंभराहून अधिक, तर तमिळनाडूत कल्लाकुरिचीला 2024 मध्ये साठहून अधिक माणसे विषारी दारूने गेली. असे काही घडले की ‘घरी तपासता येईल का?’ हा प्रश्न येतोच. उत्तर स्पष्ट आहे : नाही. मिथेनॉल प्रकाश जवळजवळ पाण्याइतकाच वाकवते आणि त्याची घनता पिण्याच्या मद्यार्काइतकीच असते. त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर आणि हायड्रोमीटर दोन्ही फसतात. चव किंवा वासावरूनही ते ओळखता येत नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते.

मिथेनॉलपासून यकृतात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. त्याला वेळ लागतो, म्हणून त्रास अनेकदा 12 ते 24 तासांनी सुरू होतो. पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके ही लक्षणे दिसली तर ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून थांबू नये. रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि काय प्यायले ते न लपवता सांगावे. सोबत प्यायलेल्यांनाही, त्रास नसला तरी, आणावे. विषावर उतारा आणि डायलिसिस वेळेत मिळाले तर जीव वाचतो, अनेकदा दृष्टीही वाचते.