उंबरठ्यापासूनचे तास

वाशी नावाची दोन गावे आपल्याला ठाऊक आहेत. एक नवी मुंबईतील, दुसरे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे. या दोन्ही गावांतील दोन वृद्ध माता लंडनस्थित मुलांकडे एकाच विमानाने निघाल्या आहेत, अशी कल्पना करा. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, उड्डाणाचा काळ साधारण १० तास. तिकिटावर दोघींचा प्रवास सारखाच दिसतो.

परंतु एक माता तासाभरात विमानतळ गाठते, तर दुसरीला आधी सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता, म्हणजे सात-आठ तासांची बैठक. विमानतळावरील तीन तास मिळवले, की एकीचा प्रवास १४ तासांचा होतो आणि दुसरीचा २१ तासांचा.

चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. ते दीर्घकाळ निश्चल राहिले, की खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तास वा अधिक काळ बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. वाहन विमान असो, मोटार असो वा रेल्वे. तरीही तो साधारण ६,००० प्रवाशांत एकाला, इतका अल्प आहे. म्हणून भयभीत होऊ नये. मात्र रस्त्यावरचे तासही हिशेबात धरावेत.

शक्य असल्यास आदल्या दिवशी मुंबईस पोहोचून रात्री विश्रांती घ्यावी. वाटेत दर दोन तासांनी उतरून चालावे. विमानात घोटे फिरवावेत, अधूनमधून उठावे. वाटेत स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून अनेक स्त्रिया निघण्यापूर्वीच पाणी पिणे टाळतात. विमानातील हवा आधीच अतिशय कोरडी असते. म्हणून थांब्यांची ठिकाणे आधी ठरवावीत, पण पाणी तोडू नये.

पूर्वी गुठळी झालेली असल्यास, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास, कर्करोग वा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. लंडनचे घड्याळ ऋतूनुसार साडेचार वा साडेपाच तास मागे असते. इन्सुलिनच्या वेळा आधीच विचारून लिहून घ्याव्यात. इन्सुलिन हातातील पिशवीतच ठेवावे, कारण सामानकक्षात ते गोठू शकते.

प्रवासानंतर सुमारे चार आठवडे सावध राहावे. एकाच पायाला सूज व वेदना आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली वा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

परदेशी असलेल्या मुलांनी तिकीट काढताना उड्डाणाचे तास जरूर पाहावेत. पण त्याआधी आईच्या उंबरठ्यापासूनचे तास मोजावेत.