देवळांचा किल्ला

युरोपात ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यांनी एके काळी गावच्या चर्चलाच किल्ला केले. तुर्कांच्या स्वाऱ्यांचे भय वाढले, तेव्हा चर्चभोवती तट उभे राहिले, बुरूज बांधले गेले, तटाच्या आतल्या अंगाला धान्याच्या कोठ्या निघाल्या. शत्रू दिसला की सारा गाव देवाच्या आवारात. रुमानियातल्या बिएर्तानचे असे चर्च १९९३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत मात्र नेमके उलटे घडले. इथे देवळाला तट मिळाला नाही. देवळांचाच तट झाला.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात हे गाव भरभराटीला आलेले होते. केदारेश्वराचे मंदिर त्याची साक्ष आजही देते. त्याच्या बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला अभ्यासक दुरून येतात. पण आलेला पाहुणा मंदिर पाहून परततो, आणि खरी गोष्ट मागे राहते ती किल्ल्यात. तटाजवळ जाऊन पाहावे. साध्या चिऱ्यांमध्येच कोरीव शिळा, खांबांचे तुकडे, मूर्ती बसवलेल्या आहेत. गवंड्याला हवा होता घडीव दगड. तो आयता मिळाला.

देवळे कोणी पाडली, हा प्रश्न इथे लगेच निघतो, आणि आवाज चढतात. पाडलेल्या देवळाचा चिरा आणि पडलेल्या देवळाचा चिरा तटात सारखाच दिसतो, एवढे भान ठेवले तरी पुरे. बीडच्या कंकालेश्वराला भोवतीच्या पाण्याची सोबत लाभली. धर्मापुरीच्या कित्येक देवळांना काहीच लाभले नाही.

आता कोणी म्हणेल, मूर्ती तटातून काढा आणि संग्रहालयात मांडा. आमचे मत याविरुद्ध आहे. मूर्ती काढली की तट ढासळणार, आणि ती कुठून आली हेही हरवणार. तट हाच इथला कागद आहे. १९१४ साली निजामाच्या राजवटीत पुरातत्त्व खाते निघाले, १९४८ साली संस्थान गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला. खाती बदलत गेली, दगड जागेवरच आहेत. प्रत्येक कोरीव दगडाला जागच्या जागी क्रमांक द्यावा, छायाचित्र घ्यावे, मोजमाप लिहावे. निखळून पडलेले तेवढे गावातच एखाद्या छपराखाली ठेवावेत. याला कोट्यवधींचा निधी लागत नाही. एक छायाचित्रकार, एक मोजपट्टी आणि शाळेतली चार चौकस पोरे एवढ्यावर सुरुवात होते, आणि ती पावसाळ्याआधी व्हायला हवी.