पहिला क्रमांक कोणाच्या भाषेत?

दरवर्षी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी जाहीर होते आणि सीमाभागातील आमच्या घरांत तिची चर्चा सुरू होते. बारावी झालेल्या मुलांचे पालक यादीवरून बोट फिरवतात, वरच्या नावांपाशी थबकतात आणि मग आपल्या जवळचे विद्यापीठ शोधू लागतात. ते सापडले नाही की निवाडा झालाच: येथे शिकण्यात अर्थ नाही. त्यातच एखादी मुलगी ‘मी मराठी घेऊन पदवी करीन’ म्हणाली, तर घरात जी शांतता पसरते ती आमच्यापैकी कोणालाच अपरिचित नाही.

आम्ही विचारतो, हा क्रमांक मोजतो तरी काय?

2016 साली पहिली यादी आली. विद्यापीठांसाठीच्या 100 गुणांपैकी अध्यापन व साधनसामग्रीला 30, संशोधन व व्यावसायिक कार्याला 30, पदवीधरांच्या यशाला 20, सर्वसमावेशकतेला 10 आणि लौकिकाला 10 अशी वाटणी आहे. वरवर पाहता यात गैर काही नाही. मात्र संशोधनलेखांची मोजणी होते ती स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या परदेशी सूचींवरून. स्कोपसमध्ये नियतकालिकाला प्रवेश हवा असेल, तर लेखांची शीर्षके व गोषवारे इंग्रजीत हवेत आणि संदर्भ रोमन लिपीत. अर्थात मोडी दप्तरे वाचून मराठीत निबंध लिहिणारा प्राध्यापक या मोजणीत कोठेच नसतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध करणारे वि. का. राजवाडे आज एखाद्या विद्यापीठात असते, तर त्या खंडांनी त्याच्या क्रमांकात तसूभरही भर पडली नसती. उणीव राजवाड्यांत की मापात?

लौकिकाची गोष्ट तर याहून विलक्षण. तो ठरतो प्राध्यापक आणि नोकरी देणारे यांच्या मतांवरून. क्यूएस या जागतिक क्रमवारीने 2024च्या आवृत्तीपासून विद्वानांतील लौकिकाला 30 आणि नोकरी देणाऱ्यांतील लौकिकाला 15 गुण ठेवले आहेत; म्हणजे जवळजवळ निम्मे माप ऐकीव कीर्तीचे. ज्याचे नाव कानावर आहे त्याला मत, मताने क्रमांक, आणि क्रमांकाने नाव पुन्हा कानावर. या रहाटगाडग्यात लहान गावचे विद्यापीठ शिरणार कोठून?

आता आमच्या जिव्हारी लागणारा मुद्दा. सर्वसमावेशकतेच्या 10 गुणांतील 3 गुण परराज्यांतून व परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर आहेत. बेळगावची मराठी मुलगी मराठी शिकण्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गेली, तर या हिशेबात ती ‘परराज्यातील विद्यार्थिनी’ ठरते आणि विद्यापीठाच्या वैविध्यात भर घालते. पुढे तिने मराठीत प्रबंध लिहिला आणि मराठी नियतकालिकांतून लेख प्रसिद्ध केले, तर त्या लेखांना मात्र मोल नाही. आम्हांला परके ठरवणाऱ्या सीमारेषेला गुण आहेत. ज्या भाषेसाठी ती रेषा ओलांडली तिला नाहीत.

उच्च ज्ञान देशी भाषेत देता येत नाही, ही सबब आम्हांला कोणी सांगू नये. महर्षी कर्वे यांनी 1916 साली मातृभाषेच्या माध्यमाचे महिला विद्यापीठ उभे केले. त्याला सरकारची कायदेशीर मान्यता मिळण्यास 1951 साल उजाडले. पस्तीस वर्षे तेथील पदवीला सरकारदरबारी प्रतिष्ठा नव्हती, तरीही मुली शिकल्या. 1918 साली हैदराबादेत सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून वैद्यक व अभियांत्रिकी शिकवली. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले. मराठवाड्यातील मराठी मुलांवर ती उर्दू लादली गेली, हे शल्य आम्ही विसरलेलो नाही. परंतु राज्यकर्त्यांनी मनावर घेतले तर देशी भाषा विद्यापीठाचा भार पेलते, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, क्रमवारी नसेल तर गरीब पालकाने निवड करावी कशी? आक्षेप रास्त आहे. शिक्षकांची संख्या, ग्रंथालयावरील खर्च, पदवीनंतरची मिळकत यांची माहिती पालकाला मिळालीच पाहिजे. नामांकित संस्थेत जाणाऱ्या मुलांना आम्ही अडवतही नाही. आमचा विरोध एका अंकाला ज्ञानाची पत समजण्याला आहे.

म्हणून आमच्या मागण्या दोन. तज्ज्ञांनी तपासलेले भारतीय भाषांतील संशोधन क्रमवारीत मोजले जावे आणि त्यासाठी देशी सूची तयार व्हावी. ‘परराज्यातील’ म्हणून आमच्या मुलांना मोजणाऱ्यांनी त्यांची भाषाही मोजावी.

आणि एक मागणी स्वतःकडे. बेळगाव, पणजी, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, कोठेही असू, सोयरीक जुळवताना आपण मुलाचे ‘कॉलेज’ विचारतो. तो काय शिकला हे विचारत नाही. सरकारच्या यादीत मराठीला शून्य आहे, ते सरकारने दिले. आपल्या घरातले शून्य आपण दिलेले आहे, आणि ते पुसायला कोणाच्या अध्यादेशाची गरज नाही.